उतारावरचा माग

बसा. पाठ ताठ असू द्या, पण आखडलेली नको. पावलं जमिनीला टेकलेली, हात मांडीवर सैल. वीस-पंचवीस मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी हरकत नाही. वाचायचं असल्यामुळे डोळे उघडेच राहतील. मधून मधून मी थांबायला सांगेन. तेव्हा नजर कागदावरून उचला, डोळे मिटा, दोन-चार श्वास येऊ-जाऊ द्या आणि मग पुढे या. आजचा विषय वेगाचा आहे. पण त्याच्याकडे सावकाशच जायचं आहे.

आपण एका माणसाच्या सोबतीने बसणार आहोत. त्याचं नाव इंगेमार स्टेनमार्क. जन्म 18 मार्च 1956, स्वीडनच्या उत्तर भागातला. पायाला दोन लांब स्की बांधून, बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत खाली यायचं, हा त्याचा खेळ. 1974 ते 1989 या काळात त्याने वर्ल्ड कपच्या 86 शर्यती जिंकल्या: 40 स्लॅलमच्या, 46 जायंट स्लॅलमच्या, म्हणजे काठ्या अधिक दूर दूर आणि वळणं मोठी असलेल्या प्रकाराच्या. पुरुषांमध्ये हा आकडा अजून कुणी गाठलेला नाही. आकडे आत्ता बाजूला ठेवू. आधी उतार पाहू.

उतार

आपल्यातल्या अनेकांनी बर्फ पाहिलेला नाही, पण उतार सगळ्यांना ठाऊक आहे. सह्याद्रीतला एखादा गड उतरताना घसाऱ्याची वाट लागते, ती आठवा. पायाखालचा मुरूम सुटायला लागतो. नवखा माणूस भीतीने मागे रेलतो, आणि मागे रेलला म्हणूनच त्याचे पाय पुढे सटकतात. रोजची ये-जा असलेला गावकरी गुडघे सैल सोडतो, अंग किंचित पुढे देतो आणि बोलत बोलत खाली पोचतो. उतार दोघांना सारखाच.

बर्फावर हा नियम अधिक कडक होतो. स्कीचा बूट नडगीपर्यंत उंच आणि ताठ असतो. खेळाडूने आपली नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची, म्हणजे वजन पुढे राहतं. भीती वाटली की शरीर आपोआप मागे जातं, वजन टाचांवर येतं, स्कीची टोकं हलकी होतात आणि मग त्या वळवल्या वळत नाहीत. नवशिक्याला सुरुवातीलाच हे शिकावं लागतं: जिकडे पडायची भीती वाटते, तिकडेच अंग झुकवायचं.

इंगेमार वाढला ते तॅर्नाबी गाव आर्क्टिक वृत्ताच्या थोडं खाली आहे. वस्ती जेमतेम पाचशेची. ऐन हिवाळ्यात तिथे दिवस मोजक्या तासांचा असतो. गावाला लागूनच स्कीचा उतार. पाचव्या वर्षापासून हा मुलगा तिथे. स्वभावाने अबोल, आपल्यातच रमणारा. वर चढायचं, खाली यायचं, पुन्हा वर चढायचं. पुढे याच गावातून आन्या पेर्सोन ही ऑलिंपिक विजेतीही आली. एवढ्याशा वस्तीने दिलेले हे दोन खेळाडू पाहिले की वाटतं, त्या गावाचा खरा शिक्षक तो उतारच असावा.

आता एक साधा प्रश्न. खाली येताना त्या मुलाला वेग कोण देत होतं? धावणारा स्वतःच्या पायांनी वेग तयार करतो, सायकलवाला पायडल मारून. स्लॅलममध्ये सुरुवातीला हातातल्या काठ्यांनी दोन-चार रेटे दिले की पुढचा जवळजवळ सगळा वेग डोंगराचा असतो. खेळाडू जेवढा वर चढून आला, तेवढंच डोंगर त्याला परत देतो. खेळाडूच्या हातात उरतं ते एवढंच: मिळालेला वेग सांडू न देणं.

इथे थांबा. डोळे मिटा. बसल्या जागेवर पडणारं आपलं वजन जाणवू द्या. हे वजन धरून ठेवायला तुम्हाला काहीच करावं लागत नाही. पृथ्वी ते धरून आहे. मग मनाला विचारा: माझ्या आयुष्यातला कोणता वेग मला आयता मिळाला? आईच्या तोंडून आलेली भाषा असेल, एखाद्या बाईंनी शाळेत लावलेली गणिताची गोडी असेल, थोरल्या भावाने आधी तुडवून ठेवलेली वाट असेल. यादी करू नका. एकच गोष्ट येऊ द्या, आणि तिच्यापाशी थोडा वेळ राहा.

गेट

आता त्या उतारावर काठ्या रोवू.

स्लॅलमच्या वाटेवर लाल आणि निळ्या काठ्या असतात. त्यांची मिळून गेट होतात. पुरुषांच्या शर्यतीत साधारण साठ-सत्तर गेट, आणि उतरायची उंची दोनशे मीटरच्या आसपास. प्रत्येक गेटमधून जावंच लागतं. एक चुकलं की त्या दिवसाची शर्यत संपली. पन्नासेक सेकंदांत साठ वळणं. तुमचा एक सावकाश श्वास आत येऊन बाहेर जाईपर्यंत खेळाडूने चार-पाच वेळा दिशा बदललेली असते.

ही गेट रोवतं कोण? सहभागी संघांपैकी एखाद्याच्या प्रशिक्षकाकडे ते काम दिलेलं असतं. तो आपल्या विचाराने वाट मांडतो. कुठे गेट ऐसपैस, कुठे एकाखाली एक सरळ ओळीत, कुठे ध्यानीमनी नसताना आडवं वळण. खेळाडूला त्यात फेरबदल मागता येत नाही. समोर जे मांडलं आहे, त्यातूनच जायचं.

म्हणजे उतार मिळालेला, गेट दुसऱ्याने रोवलेली, आणि वळण तेवढं आपलं. आज एवढंच मनात धरून बसायचं आहे.

एक वळण अगदी जवळून पाहू. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी बसवलेली असते. खेळाडू गुडघे आणि घोटे कलते करतो, स्की कुशीवर होते आणि ती पट्टी कडक बर्फात रुतते. वजनाने स्की धनुष्यासारखी वाकते आणि वाकलेल्या रेषेतच पुढे धावते. असं झालं की मागे उमटते ती सुरीने ओढल्यासारखी बारीक रेघ. पण खेळाडू घाईत असला, घाबरला, किंवा वळायला उशीर झाला, की तो स्की आडवी रेटतो. स्की फरफटते आणि बर्फाचा फवारा उडतो. बघणाऱ्याला तो फवारा देखणा वाटतो. पण तो सांडलेला वेग असतो.

स्टेनमार्कच्या मागे फवारा कमी उडायचा. त्याच्या काळातल्या स्की दोन मीटरच्या आसपास लांब आणि बऱ्याचशा सरळ होत्या. आजच्या आखूड, कमरेत बारीक असलेल्या स्कीवर जी रेघ निघते, ती त्या स्कीवर काढणं फार कठीण. स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावी बनणाऱ्या एलानच्या स्की त्याने धरल्या, त्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. 1979 च्या फेब्रुवारीत यास्ना इथे त्याने जायंट स्लॅलम जिंकली, ती 4.06 सेकंदांनी. या खेळात शतांश सेकंदावर पदकं इकडची तिकडे होतात. तिथे चार सेकंद म्हणजे दुसरा येईपर्यंत पहिल्याने हातमोजे काढून ठेवावेत इतका अवकाश. मार्च 1978 ते जानेवारी 1980 या काळात वर्ल्ड कपच्या ओळीने 14 जायंट स्लॅलम त्याने जिंकल्या.

त्या जुन्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. आधी वाटतं, हा जरा सावकाशच उतरतो आहे. धडपड दिसत नाही, हात हवेत फेकले जात नाहीत, खांदे खालच्या बाजूला तोंड करून शांत असतात. हालचाल सगळी कमरेखाली. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर जाते, आणि कळतं की सावकाश दिसत होतं ते काहीच वाया जात नव्हतं म्हणून.

पुन्हा थांबा. कालचा दिवस मनासमोर आणा. फवारा कुठे उडाला ते पाहा. दोन वाक्यांत होणाऱ्या कामासाठी आवाज चढला असेल. एका निरोपाला उत्तर देण्याआधी तासभर मनातल्या मनात भांडण झालं असेल. मुलाचा डबा राहिला म्हणून सगळं घर हलवलं असेल. स्वतःला दोष देऊ नका. नुसतं पाहा: इथे स्की आडवी झाली होती. आणि मग एखादी बारीक रेघही शोधा. काल कुठेतरी तीही उमटली असेलच.

डोळे मिटून

या खेळातली एक गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. शर्यतीच्या वाटेवरून आधी सराव करून बघायला बंदी असते. खेळाडूंना फक्त निरीक्षण करू देतात. ते कडेकडेने, स्की आडव्या धरून, हळूहळू घसरत खाली जातात. एकेका गेटपाशी थांबतात, वर बघतात, खाली बघतात. बर्फ कुठे काचेसारखा आहे, कुठे भुसभुशीत आहे, कुठे उतार अचानक तुटतो, हे सगळं साठवून घेतात.

मग सुरुवातीच्या जागेजवळ एक दृश्य दिसतं. जगातले सगळ्यात वेगवान स्कीपटू डोळे मिटून उभे असतात. अंग किंचित डावी-उजवीकडे झुलत असतं. एक हात समोर धरलेला, आणि तो हात माशासारखा इकडून तिकडे वळत असतो. मनातल्या मनात ते सगळी वाट उतरत असतात, एकेक गेट घेत. शरीर जे पुढे करणार आहे, ते मन आधी शांतपणे करून येतं.

याला आपल्याकडे मनन म्हणतात. ऐकलेलं, पाहिलेलं पुन्हा पुन्हा मनात फिरवायचं, ते आपलं होईपर्यंत. प्रत्यक्ष उतरताना विचार करायला सवडच नसते. त्या वेळी नजर असते ती दोन गेट पुढे. हाताला लागलेली काठी डोळ्यांनी केव्हाच मागे टाकलेली असते. पायाखालच्या गेटकडे जो बघतो, त्याला पुढच्याला उशीर होतो.

हे आपणही करून पाहू. डोळे मिटा. तुमच्या घराच्या दारात उभे राहा. कुलूप लावा. जिना असेल तर पायऱ्या उतरा, कठडा कोणत्या हाताला आहे ते बघा. बाहेर पडा. पहिलं वळण कुठे येतं? तिथे काय आहे, झाड की टपरी की कुणाचा ओटा? पुढे चला, रोज जिथे रिक्षा किंवा बस धरता तिथपर्यंत. अधेमधे वाट पुसट होईल. जिथे पुसट झाली, तिथून तुम्ही रोज जाता, पण तिथे तुम्ही नसता. घाई न करता परत दारापाशी या आणि पुन्हा एकदा निघा. दुसऱ्या खेपेला एखादी तरी नवी गोष्ट दिसेल.

दुसरी फेरी

स्लॅलम एका उतरणीत संपत नाही. फेऱ्या दोन असतात आणि दोन्हींची वेळ एकत्र धरतात. मधल्या वेळात पहिल्या फेरीची गेट उपटून टाकतात आणि नवी वाट मांडतात. सकाळी पाठ केलेलं दुपारी उपयोगाला येत नाही. सकाळी गमावलेला वेळ मात्र घड्याळात तसाच राहतो.

स्टेनमार्कचं नाव या दुसऱ्या फेरीशी कायमचं जोडलं गेलं. 17 डिसेंबर 1974 ला इटलीतल्या मदोन्ना दी कांपील्यो इथे त्याने पहिली वर्ल्ड कप शर्यत जिंकली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्यानंतरच्या वर्षांत पहिल्या फेरीला मागे असलेला स्टेनमार्क दुसऱ्या फेरीत पुढे जातो, हे स्वीडनच्या घराघरांत माहीत झालं. त्याची दुसरी फेरी टीव्हीवर असली की शाळांमधले तास थांबत, कामावरची माणसं पडद्याभोवती गोळा होत.

सगळ्यात उजळ उदाहरण 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकचं. जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीनंतर तो तिसरा होता. दुसऱ्या फेरीनंतर पहिला, 0.75 सेकंदांनी. तीन दिवसांनी, 22 फेब्रुवारीला, स्लॅलम. पहिल्या फेरीनंतर चौथा. पुढे होता अमेरिकेचा फिल मेअर. त्याचा घोटा वर्षभरापूर्वी याच डोंगरावर मोडला होता, आणि धातूची पट्टी व स्क्रू घालून जोडलेल्या त्या पायावर तो उतरत होता. दुसऱ्या फेरीत स्टेनमार्क उतरला आणि अर्ध्या सेकंदाने जिंकला. एक टाळी वाजवून हात मांडीवर यावा, एवढा अर्धा सेकंद. मेअरचं रौप्यपदकही मनात ठेवण्यासारखंच आहे.

दुसऱ्या फेरीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय काय येऊ शकतं, याचा विचार करा. सकाळचं ते एक वळण जमलं असतं तर. अमक्याच्या आधी माझा नंबर लागला असता तर. हे सगळं घेऊन खाली उतरलं तर पहिलंच गेट चुकेल. आणि मागचं भरून काढायचं म्हणून सगळी ताकद लावली, तर स्की आडवी होते, फवारा उडतो. मागे पडलेल्याला वेग वाढवता येत नाही, तो डोंगराचा आहे. त्याला फक्त अधिक बारीक रेघ ओढता येते.

थांबा. तुमच्या आयुष्यातली एक पहिली फेरी आठवा, मनासारखी न झालेली. शिक्षण असेल, नोकरी असेल, एखादं नातं असेल. तिची वेळ घड्याळात नोंदली गेली आहे. ती पुसायचा प्रयत्न करू नका. आता श्वास घेत स्वतःला सांगा: गेट बदललेली आहेत. समोरची वाट नवी आहे. हिला नव्यानेच पाहायला हवं. असं म्हटल्यावर छातीत काही सैल होतं का, एवढंच पाहा.

पडणं

सतत जिंकणाऱ्या माणसाबद्दल बोलताना त्याच्या पडण्याकडे आपलं दुर्लक्ष होतं. तिकडेही शांतपणे पाहू.

मार्च 1975. वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद कोणाचं, हे इटलीतल्या वाल गार्देना इथे मोसमाच्या अगदी शेवटच्या शर्यतीत ठरायचं होतं. ती शर्यत समांतर स्लॅलमची, दोघांनी शेजारी शेजारी उतरायची. एकीकडे इटलीचा कसलेला गुस्ताव थोनी, दुसरीकडे नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला स्टेनमार्क. अखेरच्या टप्प्यात स्टेनमार्कचा तोल गेला आणि विजेतेपदही गेलं. पुढची तिन्ही वर्षं, 1976, 1977 आणि 1978, ते त्याने मिळवलं.

सप्टेंबर 1979. इटलीतल्याच श्नाल्सच्या हिमनदीवर तो डाउनहिलचा सराव करत होता. डाउनहिल म्हणजे सरळ, भरधाव उतरणं; त्याचा तो प्रांत नव्हता. तिथे तो जोरात पडला, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. लेक प्लॅसिडची ती दोन सुवर्णपदकं या अपघातानंतर पाचच महिन्यांनी आलेली आहेत.

तो डाउनहिलकडे गेला कशाला? कारण गेट हलवली गेली होती. एका प्रकारातले मोजकेच निकाल धरायचे, असा गुणांचा नियम आला आणि फक्त स्लॅलम, जायंट स्लॅलम जिंकणाऱ्याला एकूण विजेतेपद मिळणं अवघड झालं. 1978-79 च्या मोसमात 13 शर्यती जिंकूनही तो एकूण क्रमवारीत पाचवा राहिला. जानेवारी 1981 मध्ये डाउनहिल आणि स्लॅलम मिळून धरल्या जाणाऱ्या संयुक्त गुणांसाठी तो किट्झब्युलच्या डाउनहिलमध्ये उतरला, जगातल्या सगळ्यात धोकादायक उतारांपैकी एकावर. 34 वा आला. ज्याला दोन प्रकारांत जगात तोड नव्हती, तो माणूस तिसऱ्या प्रकारात सगळ्यांदेखत मागे राहायला तयार झाला. त्या मोसमाचं एकूण विजेतेपद सहा गुणांनी फिल मेअरकडे गेलं.

मला ही 34 वी जागा फार मोठी वाटते.

डोळे मिटा आणि एक प्रश्न मनात सोडा: नवखं दिसायला मी शेवटचा कधी तयार झालो, किंवा झाले? उत्तर शोधायची घाई नको. प्रश्न पाण्यात टाकलेल्या खड्यासारखा खाली जाऊ द्या.

बंद झालेलं गेट

1984 चं हिवाळी ऑलिंपिक सारायेव्होला झालं. दोन्ही प्रकारांतला ऑलिंपिक विजेता तिथे नव्हता. त्याच्याकडे जो परवाना होता, त्यामुळे जाहिरातींचा पैसा थेट स्वतःकडे ठेवता येत होता. पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे असा खेळाडू ऑलिंपिकसाठी अपात्र ठरायचा. 1980 ची दुहेरी विजेती, लिख्टेनस्टाइनची हानी वेंझेल, हिच्यावरही तीच वेळ आली. डोंगर तोच, अंगातलं कौशल्य तेच. वाट मात्र बंद. त्या मोसमात तो वर्ल्ड कपच्या शर्यती उतरत राहिला आणि जायंट स्लॅलमचं विजेतेपद पुन्हा त्याच्याकडे आलं.

चार वर्षांनी दार उघडलं. 1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकला तो स्लॅलममध्ये पाचवा आला. सुवर्णपदक इटलीच्या अल्बर्टो टोम्बाचं. धिप्पाड, मोकळाढाकळा, नव्या काठ्यांचा नवा राजा. स्टेनमार्कच्या सुरुवातीच्या काळात काठ्या वाकत नसत, त्यांना वळसा घालूनच जावं लागे. 1980 च्या दशकाच्या आरंभी बुडाशी वाकणाऱ्या काठ्या आल्या, आणि खेळाडू त्यांना नडगीने, हाताने आडवं पाडत अधिक सरळ जाऊ लागले. ज्या वळणावर त्याने आयुष्य घालवलं, ते वळणच बदललं. तरी 19 फेब्रुवारी 1989 ला अमेरिकेतल्या ॲस्पेन इथे त्याने आणखी एक जायंट स्लॅलम जिंकली. ती 86 वी, शेवटची. त्याच वर्षी तो थांबला.

आपल्यापैकी प्रत्येकाला असं एखादं बंद गेट ठाऊक असतं. वयाची अट ओलांडल्यामुळे न भरलेला अर्ज. ज्या यंत्रावर हात बसला, ते यंत्रच कारखान्यातून गेलेलं. तिथे राग येणं साहजिक आहे, तो दाबू नका. रागालाही एक श्वासभर जागा द्या. मग हळूच बघा: गेट बंद झालं तेव्हा उतार संपला होता का? पायाखाली थोडा तरी बाकी होता?

माग

स्लॅलम हा शब्द नॉर्वेतून आला. स्ला म्हणजे उतरती कड आणि लोम म्हणजे माग. उतारावरचा माग. खेळ होण्याआधी तो शब्द साध्या माणसांच्या बर्फातल्या जाण्या-येण्याचा होता.

आता शेवटचं दृश्य डोळ्यांसमोर आणू. 2023 चा मार्च, स्वीडनमधलं ओरे. सुरुवातीच्या जागेवर अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन उभी आहे. याच डोंगरावर डिसेंबर 2012 मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिने पहिली वर्ल्ड कप शर्यत जिंकली होती. मधल्या काळात तिनेही पाहायचं ते पाहिलं. 2020 मध्ये वडील अचानक गेले. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला स्लॅलममध्ये मोजक्या गेटनंतरच ती वाटेबाहेर गेली आणि कडेला बर्फात डोकं खाली घालून बराच वेळ बसून राहिली. त्यानंतर तेरा महिन्यांनी ती ओरेच्या उतारावर आहे. 10 मार्चला तिने जायंट स्लॅलम जिंकली आणि 86 वर पोचली. 11 मार्चला स्लॅलम जिंकली. 87.

चौतीस वर्षं उभा असलेला आकडा त्याच्याच देशात ओलांडला गेला. ती आपल्यापेक्षा कितीतरी सरस आहे, हे स्टेनमार्कने त्याआधीच मोकळेपणाने सांगून टाकलं होतं. मला त्या सांगण्यात त्याचं जुनं वळण दिसतं. फवारा नाही.

शर्यत संपली की काय होतं, ते शेवटी पाहू. माणसं खाली उतरत येतात आणि एकेक काठी उपटून खांद्यावर टाकतात. काठ्यांपाशी वळणांनी खोदलेल्या घळी असतात. त्या सपाट करतात. रात्री एखादं यंत्र सगळा उतार विंचरून जातं. सकाळी तिथे ना विक्रमाची रेघ असते, ना पडलेल्याची खूण. पुन्हा कोरा उतार, आणि पायथ्याशी स्की खांद्यावर घेऊन वर निघालेलं एखादं पाच वर्षांचं पोर.

आता डोळे मिटा, आजचं शेवटचं. श्वास आत येतो, तो आणावा लागत नाही. बाहेर जातो, त्याला ढकलावं लागत नाही. यालाही एक उतार आहे आणि तो तुम्हाला खाली नेतो आहे, दिवसाकडून रात्रीकडे, एका वयाकडून पुढच्या वयाकडे. मागे रेलू नका. गुडघे सैल सोडा. पुढचं एक गेट मनात आणा, फक्त एक. आज संध्याकाळचं, नाहीतर उद्या सकाळचं: कुणाला तरी करायचा फोन, कुणासमोर तरी मान्य करायची चूक, कुणाच्या तरी उशाशी बसायचं. ते कुणी रोवलं, का रोवलं, हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याच्याकडे नीट पाहा. त्याच्यातून कसं वळाल, ते एकदा मनातल्या मनात, अगदी सावकाश, करून पाहा. पुन्हा एकदा करा.

मग डोळे उघडा. पावलं जमिनीला टेकलेली आहेत. उठा, आणि निघा.